बिल्डेबल फिगरचं परीक्षण: आधी सांधे, मग मुखवटा

रामबागकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आपल्या इंदूरच्या गटात हल्ली बिल्डेबल फिगरची, म्हणजे तुकडे जोडून बनवायच्या आणि सांधे हलणाऱ्या खेळण्यांची, परीक्षणं बरीच येताहेत आणि मी ती आवडीनं वाचतो. लेगोच्या बायोनिकल आणि हिरो फॅक्टरी या मालिका, गनप्ला म्हणजे बांदाईचे गनडम रोबोंचे जोडसंच, मधूनच कुणाकडे स्टार वॉर्सचा तो चार हातांचा जनरल ग्रीव्हस. एक गोष्ट मात्र खटकते. परीक्षण लिहिलं जातं डबा उघडला त्याच दिवशी. मुखवट्याचा जवळून फोटो, तलवारीचा जवळून फोटो, "पोज मस्त येते" एवढं एक वाक्य, आणि वर गुण. ती पोज महिन्याभरानंतरही टिकते का, पुन्हा सुटी करून जोडली तर फिगर पहिल्यासारखी घट्ट बसते का, याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

माझं म्हणणं असं की ही खेळणी मुळात सांध्यांची आहेत आणि त्यांचा सगळा इतिहास सांध्यांवरूनच कळतो. बायोनिकलचे नायक म्हणजे टोआ, त्यांतला २००१ चा ताहू घ्या. त्याला गुडघा नाही, कोपर नाही. पण पाठीवर गियर आहे, तो फिरवला की शस्त्राचा हात वर-खाली होतो. त्याच्या सोबतच्या पोहातूचा तर पायच लाथ मारतो. २००४ मध्ये टोआ मेत्रू आले, त्यांना गुडघे मिळाले आणि गियरही राहिला. २००६ च्या टोआ इनिकांना कोपर मिळालं, आणि गियर गेला. हे मला आजही पटलेलं नाही. पुढे २०१० पर्यंत बहुतेक टोआ त्याच सांगाड्यावर थोड्याफार फरकानं निघत राहिले. २०११ मध्ये हिरो फॅक्टरीत नवी पद्धत आली: हाडं वेगळी, त्यांवर चढवायची कवचं वेगळी. हे सांधे घट्ट, उभं राहायला एकदम भरवशाचे. आणि २०१५ मध्ये बायोनिकल परत आलं तेव्हा हीच हाडं-कवचं घेऊन धडात पुन्हा गियर बसवला. ती मालिका २०१६ पर्यंतच चालली, पण मला विचाराल तर बांधणीच्या दृष्टीनं सगळ्यात विचारपूर्वक केलेल्या फिगर त्याच.

गियरचा मी एवढा आग्रह का धरतो ते इंदूरकरांना सांगायला नको. अनंत चतुर्दशीच्या रात्री हुकुमचंद मिल, मालवा मिल, कल्याण मिल यांच्या झांक्या, म्हणजे हलत्या मूर्तींचे देखावे, बघायला आपण रस्त्याच्या कडेला तासन्‌तास उभे राहिलेलो आहोत. मूर्ती कितीही देखणी असो, गर्दी थांबते ती हात हलवणाऱ्या, मान वळवणाऱ्या मूर्तीपुढे. गियरवाला ताहू हातात घेतला की बोट आपोआप त्या गियरवर जातं, तेही त्याच ओढीनं.

मी स्वतः परीक्षण करताना फिगरचा शस्त्र धरलेला हात आडवा करून फळीवर ठेवतो आणि आठवडाभर हात लावत नाही. हात जागेवर राहिला की खाली आला, ते बघतो. मग सगळं सुटं करून पुन्हा जोडतो. दुसऱ्या जोडणीत कुठला सांधा सैल लागतो ते लिहितो. आणि शेवटी त्याच तुकड्यांतून दुसरं काहीतरी बनवून बघतो, कारण ज्या संचातून दुसरं काहीच बनत नाही त्याला मी बिल्डेबल म्हणायला तयार नाही.

तुम्ही परीक्षणात काय बघता? सविस्तर लिहा.


जुना_टोआ

धागा उत्तम. पण मी पूर्ण विरोधात आहे आणि का ते सांगतो.

बायोनिकल लोकांच्या मनात राहिलं ते मुखवट्यांमुळे. ताहूचा हौ, कोपाकाचा अकाकू. एकाच साच्यातला मुखवटा वेगवेगळ्या रंगांत यायचा. मुखवट्यांची छोटी पाकिटं वेगळी मिळायची आणि आत कुठला मुखवटा कुठल्या रंगात आहे ते उघडेपर्यंत कळायचं नाही. प्रत्येक मुखवट्याला एक शक्ती, प्रत्येक टोआचं एक तत्त्व: आग, पाणी, हवा, दगड, माती, बर्फ. त्या गोष्टीमुळे सहा फिगर सहा माणसं वाटायची. गुडघा नसलेला ताहू आम्ही वर्षानुवर्षं खेळलो आणि त्याला गुडघा नाही हे आमच्या लक्षातही आलं नाही.

तुम्ही म्हणता ते सांधे मी इनिकांपासून पुढे सगळ्या फिगरमध्ये बघितले. कोपर आलं, पोज आली, पण रांगेत ठेवल्या तर उंची-बांधा सगळ्यांचा सारखा. २००१ च्या सहाजणांत पोहातूचं धड उलटं बसवलेलं आहे, ओनुआ बुटका आणि रुंद, लेवाची ठेवण निराळी. सांध्यांना गुण द्यायला लागलो तर त्या सहाजणांना नापास करावं लागेल, आणि ते मला मान्य नाही.

शिवाय तीन टोआ एकत्र करून एक मोठा काइता बनवायचा, ते कसं विसरलात? जोडणीचा खरा आनंद तिथं होता.


रामबागकर

काइता विसरलो नाही, उलट तो माझ्याच बाजूचा मुद्दा आहे! तीन फिगर मोडून चौथी बनते म्हणजे तुकड्यांत ती ताकद होती. आणि सारख्या बांध्याबद्दलची तुमची तक्रार शंभर टक्के मान्य. सांधे बघा म्हणजे ठेवण बघू नका असं नाही. ओनुआ बुटका दिसतो तो त्याचे तुकडे वेगळ्या तऱ्हेनं जोडल्यामुळेच ना?


निपर_आणि_कानस

मी गनप्लावाला, त्यामुळे माझी बाजूही ऐका.

आमच्याकडे तुकडे पिशवीत सुटे येत नाहीत, रनर म्हणजे प्लास्टिकच्या चौकटीत जोडलेले येतात. एकेक तुकडा निपरनं, म्हणजे छोट्या कटरनं, कापायचा. म्हणून आमच्या परीक्षणात सांध्याच्याही आधी एक प्रश्न येतो: कापल्याची खूण कुठे राहते? चांगल्या किटमध्ये गेट, म्हणजे तुकडा रनरला जिथं जोडलेला असतो तो भाग, अशा ठिकाणी असतो की जोडल्यावर तो झाकला जातो. वाईट किटमध्ये तो नेमका छातीच्या मध्यावर येतो.

नवीन मंडळींसाठी सांगतो. तुकडा एका घावात काढू नका. आधी तुकड्यापासून लांब कापा, रनरपासून तो मोकळा करा. मग राहिलेला खुंट निपरची सपाट बाजू तुकड्याकडे ठेवून कापा, पण अगदी चिकटून नाही, किंचित शिल्लक ठेवून. ते शिल्लक कानशीनं आणि मग बारीक पॉलिश पेपरनं काढा. एका घावात कापलं तर प्लास्टिक ताणलं जातं आणि तिथं पांढरा डाग पडतो. गडद निळ्या आणि काळ्या तुकड्यांवर तो डाग फारच दिसतो. हलका असेल तर नखानं घासून कमी होतो.

कानस घ्यायला मॉडेलच्या दुकानाची वाट बघू नका. सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्या दुकानात मिळणारी सर्वांत बारीक दाताची कानस या कामाला नामी आहे. सराफा आपल्याकडे रात्री गराडू आणि दहीवड्यासाठी प्रसिद्ध, पण मी दिवसा जातो.

बांदाईनं पहिलं गनप्ला १९८० मध्ये काढलं, १/१४४ मापाचं, तीनशे येनला. मूळ गनडम गोष्टीत अठरा मीटर उंच, म्हणजे हातातली फिगर साडेबारा सेंटीमीटर. गनप्लातली हाय ग्रेड ही श्रेणी आजही साधारण त्याच मापात येते. मास्टर ग्रेड १/१०० म्हणजे अठरा सेंटीमीटर, आत वेगळा सांगाडा आणि वर चिलखत. २०१० मध्ये आलेल्या रिअल ग्रेडमध्ये तो आतला सांगाडा १/१४४ च्या मापात बसवला. दिसायला अप्रतिम. पण रामबागकरांची आठवडाभर फळीवर ठेवायची परीक्षा लावली तर जुन्या रिअल ग्रेडमधल्या काही किट लगेच मान टाकतात, आणि हाताळताना चिलखताचे तुकडे निसटतात. तेव्हा तुमच्या मुद्द्याला माझा पाठिंबा.


पिथमपूर_मोल्डिंग

मी प्लास्टिक मोल्डिंगच्या कामात आहे. सांधा सैल का होतो आणि सॉकेट (सांध्याचा गोळा, म्हणजे बॉल, बसायची खोबण) का तडकतं याबद्दल दोन शब्द लिहितो, कारण परीक्षणात "क्वालिटी खराब" एवढंच लिहिलं जातं आणि ते अर्धवट आहे.

बॉल सॉकेटमध्ये बसतो तो सॉकेटच्या पाकळ्या किंचित फाकवून. म्हणजे सांधा जोडलेला असेपर्यंत त्या पाकळ्यांवर ताण चालूच असतो, फिगर हलवा किंवा न हलवा. प्लास्टिक सतत ताणाखाली राहिलं की हळूहळू तो ताण सोडून देतं. पाकळ्या फाकलेल्या आकारालाच सरावतात आणि पकड कमी होते. उष्णतेनं हे लवकर होतं. एबीएस हे कडक प्लास्टिक साधारण शंभर अंशांच्या पुढे मऊ पडतं, म्हणून मे महिन्यात गाडीत ठेवलेली फिगर वितळणार नाही, पण पकड मात्र झपाट्यानं जाईल. उन्हात ठेवू नका म्हणतात ते फक्त रंग पिवळा पडतो म्हणून नव्हे.

आता तडकण्याबद्दल. साच्यात वितळलेलं प्लास्टिक शिरतं तेव्हा पोकळीसाठी ठेवलेल्या गाभ्याला वळसा घालून दोन प्रवाह पलीकडे भेटतात. जिथं भेटतात तिथं एक सांधरेषा राहते. उजेडात तिरकं धरून बघितलं तर केसाएवढी रेघ दिसते. तो भाग आजूबाजूच्या प्लास्टिकपेक्षा कमजोर. ती रेघ नेमकी पाकळीवर आली, त्यात साचा किंवा तापमान थोडं बिघडलेलं असलं, की तिथूनच तडा जातो. परीक्षण करताना भिंगातून ही रेघ कुठे आहे ते बघा. एका नजरेत पुष्कळ कळेल.

गनप्लावाल्यांसाठी आणखी एक: ताणाखाली असलेल्या एबीएसच्या तुकड्याला पॅनेल लायनिंगचं, म्हणजे चिलखताच्या खाचांत रेघा भरायचं, एनॅमल थिनर लागलं तर तो डोळ्यांदेखत तडकू शकतो. रेघा काढायच्या असतील तर तुकडे सुटे असताना काढा आणि थिनर पूर्ण उडू द्या, मगच जोडा.


लष्करवाला

ग्वाल्हेरहून नमस्कार. पिथमपूरवाल्या दादांचा प्रतिसाद जपून ठेवला. बायोनिकलच्या शेवटच्या काही वर्षांतले लाइम (पोपटी) रंगाचे सॉकेट तडकतात हे आम्ही सगळे सोसून बसलोय, आज निदान सांधरेषा कुठे शोधायची ते समजलं. मी लाइम सांधे जोडलेल्या अवस्थेत ठेवतच नाही. फिगर दाखवायची असेल तेव्हा जोडतो.

सैल सांध्यावरचा माझा उपाय: बॉलवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात. रात्रभर पूर्ण सुकू द्यायचं, मग जोडायचं. बॉल किंचित जाड होतो आणि पकड येते. घाई करून ओलं असतानाच जोडलं तर दोन्ही तुकडे कायमचे चिकटतात. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र जवळ आणू नका. त्यात बहुधा ॲसिटोन असतं, त्यानं एबीएस विरघळतं.

गनप्लातल्या मऊ राखाडी पॉलिकॅपवर, म्हणजे सांध्यात बसवायच्या पॉलिथिलिनच्या टोपणांवर, ही युक्ती चालत नाही, पॉलिथिलिनवर काहीच धरत नाही. तिथं आत जाणाऱ्या दांड्यावर थर द्यायचा.

सुटे तुकडे ब्रिकलिंकवर मिळतात. ही साइट २०१९ मध्ये लेगोनंच विकत घेतली. फक्त तुकड्यांच्या किमतीपेक्षा टपालखर्च जड होतो, म्हणून चार-पाच जणांनी मिळून मागवावं.


मालव्यातली_आई

तुमची चर्चा वाचतेय. मला निम्मे शब्द आजच कळले, पण फार आवडलं. आम्ही सुदामा नगरला राहतो. मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याला अशी फिगर हवी आहे. बाजारातून बिनानावाचा एक रोबोचा संच आणला होता. जोडता जोडताच खांद्याचं सॉकेट फुटलं आणि प्लास्टिकला उग्र वासही येत होता. पोरगं रडवेलं झालं. ते परत करता आलं नाही.

आता नीट विचारून घ्यावं म्हटलं. आठ वर्षांच्या मुलासाठी काय घ्यावं? किमती बघून छाती दडपते हो. आणि वास येणारं प्लास्टिक मुलाच्या हातात द्यावं की नाही?


रामबागकर

ताई, ते पहिलं हातातून काढून घ्या. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. डब्यावर ते चिन्ह आणि त्याखाली परवाना क्रमांक आहे का बघा. नसेल तर कितीही स्वस्त असो, मुलासाठी घेऊ नका. कुठल्याही फिगरच्या परीक्षणात ही ओळ असायला हवी असं मला आता तुमचं वाचून वाटतंय.

किमतीचं कारण सरळ आहे. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये वीस टक्क्यांवरून साठ झालं आणि २०२३ मध्ये सत्तर. त्यामुळे जपान किंवा युरोपातली किंमत बघून मन खट्टू करून घेण्यात अर्थ नाही.

मुलासाठी माझा सल्ला, वापरलेली हिरो फॅक्टरी घ्या. हाडं जाड, सांधे दणकट, कवचं चढवणं-उतरवणं आठ वर्षांच्या हातांना सहज जमतं. एकदा सांगाडा कळला की मूल सूचनापत्रिकेशिवाय स्वतःचं बनवायला लागतं. आपल्या गटात अदलाबदल होत असते, तिथं विचारा. वापरलेला माल आला की साध्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवून घ्या. पाणी चाळीस अंशांच्या वर नको. आणि सावलीत वाळवा.


निपर_आणि_कानस

ताई, दुसरा पर्याय गनप्लातली एंट्री ग्रेड ही श्रेणी. या किट निपरशिवाय, नुसत्या बोटांनी रनरवरून काढता येतात. स्टिकरही जवळपास नसतात, रंग प्लास्टिकमध्येच. तीक्ष्ण हत्यार लागत नाही हे तुमच्या दृष्टीनं महत्त्वाचं. एकच लक्षात ठेवा, गनप्ला जोडून झाल्यावर त्यातून दुसरं फारसं काही बनत नाही. मोडून पुन्हा पुन्हा बनवायची हौस असेल तर रामबागकर म्हणतात तेच बरं.


जुना_टोआ

ताई, मुलाला आधी विचारा की त्याला कोण आवडतो. सांधे-बिंधे नंतर. ज्याचं तोंड बघून मूल हरखतं ती फिगर सैल झाली तरी ते सांभाळून ठेवतं.

रामबागकर, वापरलेल्या फिगर धुवा म्हणालात ते ठीक, पण छापील खुणा असलेले तुकडे घासू नका हेही लिहा. मुखवट्यांवरचे रंग जपण्यासारखे आहेत.


मालव्यातली_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. गटातल्याच एका दादांकडून हिरो फॅक्टरीचे मिसळलेले तुकडे घेतले, डबा नाही, पत्रिका नाही. आणि जुना_टोआ दादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मुलाला विचारलं. त्याचं उत्तर: "मावळा." दिवाळीत आम्ही अंगणात किल्ला करतो, त्यावर ठेवायचा म्हणे.

तर आता आमच्या घरी मावळा चालू आहे! हाडांवर तपकिरी कवचं, एक गोल कवच उलटं बसवून त्याचं पागोटं, लांब ॲक्सलचा (दांडीचा) भाला. ढाल पाठीवर अडकवली आहे. दिसतो छान, पण मागे पडतो. पायाचे सांधे घट्ट आहेत, मी तपासले. मग का पडत असेल?


रामबागकर

वा! हे वाचून फार आनंद झाला.

पडतो तो ढालीच्या वजनानं. सांधे घट्ट असले तरी वजन टाचेच्या मागे गेलं की फिगर कलंडणारच. आधी कमरेच्या दोन्ही सांध्यांतून धड थोडं पुढे झुकवा. मग पावलं बाहेरच्या बाजूला वळवून एक पाय अर्धं पाऊल मागे घ्या. मागच्या पायाचा गुडघा सरळ, पुढच्याचा किंचित वाकलेला. भाला पुढे टेकवला तर तिसरा आधार मिळतो. एवढं करूनही पडला तर ढाल पाठीवरून काढून डाव्या हातात द्या, मावळ्याला शोभेलही.

हिरो फॅक्टरीच्या घोट्याला सगळ्या दिशांना वळता येतं, पण पाऊल पूर्ण जमिनीला टेकलंय का ते डोळा जमिनीच्या पातळीवर आणून बघा. बहुतेक वेळा पावलाची एक कड उचललेली असते आणि वरून ती दिसत नाही.


लष्करवाला

किल्ल्यावर थेट मातीत उभा करू नका. माळव्याची काळी माती ओली असताना सॉकेटमध्ये शिरते आणि वाळली की दगड होते. पायाखाली फरशीचा तुकडा ठेवा, वरून मोहरी पेरली की फरशी झाकली जाईल. माती शिरलीच तर टाचणीनं कोरू नका, पाकळीवर ओरखडा पडला की तडा तिथूनच जातो. रात्रभर पाण्यात टाका, सकाळी मऊ ब्रशनं निघते.


पिथमपूर_मोल्डिंग

पाण्याचं बरोबर. फक्त सांधा आधी सोडवून मगच पाण्यात टाका. जोडलेला असताना आतली माती फुगून बॉल ओरबाडते.


मालव्यातली_आई

ढाल हातात दिली, पावलं वळवली, उभा राहिला! मुलाला आता अख्खी तुकडी बनवायची आहे. तपकिरी आणि काळी कवचं कमी पडताहेत. आमच्याकडे लाल आणि पांढरी भरपूर आहेत. कुणाला बदली करायची असेल तर सांगा, आम्ही रामबागला येऊन देऊ.


जुना_टोआ

काळी माझ्याकडे आहेत, ओनुआच्या जोडीची. पांढरी द्या, कोपाकासाठी हवीच होती.